खाऱ्या वाऱ्यातली जुनी मोटार: जपायची कशी, पारखायची कशी

कोकण किनाऱ्यावर जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला दोन कामे शिकावी लागतात, एक गाडी जपण्याचे आणि दुसरे ती पारखण्याचे. क्लबच्या मेळाव्यात परीक्षक म्हणून उभी राहणारी मंडळी बहुधा स्वतःही अशा गाड्यांची मालकच असतात, आणि आपल्या गाडीखाली आडवे पडून जे पाहिलेले असते तेच दुसऱ्याच्या गाडीला गुण देताना उपयोगी पडते. दोन्ही कामांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या गाडीतले मूळचे काय आणि नंतरचे काय? समुद्राकाठी हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण इथली हवा मूळचे सहजासहजी टिकू देत नाही आणि दर पावसाळ्यानंतर काही ना काही बदलून टाकण्याचा मोह मालकाला होतोच. या छंदात नव्याने आलेल्या, किंवा वडिलांची अथवा आजोबांची गाडी पडवीच्या कडेला उभी असलेल्या वाचकांसाठी हा विषय मी शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडत आहे.

‘जुनी’ म्हणजे किती जुनी, याचे उत्तर कोणाला विचारतो त्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या वर्गवारीनुसार १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ या काळातल्या ‘एडवर्डियन’ आणि १९१९ ते १९३० या काळातल्या ‘व्हिंटेज’ मानल्या जातात. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेला ‘फिव्हा’, किमान ३० वर्षे वयाच्या, मूळ स्वरूपाला धरून जपलेल्या आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक वाहन म्हणतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. अशा गाडीला क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि फेरनोंदणीचे ५ हजार रुपये आहे, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. परिणामी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी ‘फिव्हा’च्या व्याख्येत वयाने बसते, पण आपल्या नियमात अजून बसत नाही. ज्याला सणासुदीला गाडी घेऊन नातेवाइकांकडे जायचे आहे, त्याने ‘व्हीए’ क्रमांकाच्या मानापेक्षा त्यासोबत येणाऱ्या मर्यादांचा आधी विचार करावा.

मीठ, दमट हवा आणि पत्रा

दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि पत्र्यावर, क्रोमवर, तारांच्या जोडांवर बसतात. कोरड्या हवेत ते फारसे काही करत नाहीत. मात्र हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतः त्यात विरघळते. पाऊस न पडताच पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता त्या रेषेच्या खाली फार थोडा वेळ येते. मिठातील क्लोराइड लोखंडाचा संरक्षक थर फोडते, पण त्या प्रक्रियेत ते स्वतः फारसे संपत नाही. गंजाच्या पापुद्र्याखाली बसून ते पुन्हा पुन्हा तेच काम करत राहते. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज वरून घासून रंग मारल्याने थांबत नाही. आतले मीठ आधी गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागते आणि पत्रा पूर्ण वाळवावा लागतो, मगच प्राइमरला अर्थ राहतो.

समुद्रापासूनचे अंतर फार महत्त्वाचे ठरते. मालवणात किंवा वेंगुर्ल्यात लाटांच्या आवाजाच्या टप्प्यात उभी असलेली गाडी आणि आत कुडाळला उभी असलेली गाडी यांना एकच पाऊस मिळतो, पण मीठ सारखे मिळत नाही, कारण हवेतील मिठाचे प्रमाण किनाऱ्यापासून आत जाताना झपाट्याने उतरते. ज्यांचे घर अगदी किनाऱ्यावर आहे आणि आत कोणाकडे कोरडी जागा मिळण्यासारखी आहे, त्यांनी निदान चार महिने गाडी तिकडे ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणतेही औषध, मेण किंवा आच्छादन त्या अंतराची बरोबरी करत नाही.

हे जमण्यासारखे नसेल तर जागा नीट करावी. चिऱ्याच्या भिंती ओलावा शोषतात आणि हळूहळू सोडतात, मातीची जमीन तर सतत वाफ देत असते. जमिनीवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर कोबा केला तर खालचा ओलावा बराच अडतो. दार शक्यतो समुद्राकडे तोंड करून नसावे, मात्र खोली हवाबंदही करू नये, कारण कोंडलेल्या दमट हवेत सीटवर आणि छताच्या कापडावर बुरशी धरते. सगळ्यात अपाय करणारी गोष्ट म्हणजे गाडीवर घट्ट बांधलेली ताडपत्री. रात्री पत्रा थंड झाला की तिच्या आतल्या बाजूने पाणी सुटते आणि ते दिवसभर तिथेच राहते. सुती चादर किंवा हवा खेळू देणारे आच्छादन बरे, आणि तेही गाडी कोरडी असतानाच घालावे.

धुण्याचे पाणीही पाहिले पाहिजे. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या पुष्कळ विहिरी मचूळ होतात, आणि त्या पाण्याने रोज निष्ठेने गाडी धुणारा माणूस नकळत तिला मीठच लावत असतो. पुळणीजवळच्या रस्त्यावरून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी आणि मग गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे सांध्यांतले पाणी झडते.

गंज कुठे शोधायचा, हे दारापासून शिकावे. दाराच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी रबरी पट्टीच्या फटीतून दाराच्या पोटात उतरते, आणि यात दोष काही नाही. ते खाली येऊन बाहेर जावे म्हणून दाराच्या खालच्या कडेला लहान भोके ठेवलेली असतात. आंब्याच्या मोहराचा चुरा, तांबडी धूळ आणि जुन्या डांबरी कोटिंगचे तुकडे यांनी ती बुजली की दारात पाणी साचते आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. दार उघडावे, खाली वाकून खालच्या कडेवरून बोट फिरवावे आणि भोक सापडले की झावळीच्या हिराने ते हलकेच मोकळे करावे. हीर पुरेसा ताठ असतो आणि रंगाला ओरखडा काढत नाही. पहिल्या भोकातून काळपट चिखल आणि त्यामागून दोन-चार थेंब पाणी आले, तर उरलेली भोकेही त्याच दिवशी मोकळी करावीत आणि काच वर-खाली करून पट्टी तपासावी. रंगाला कडेशी बारीक फुगवटे आलेले दिसले तर आतला पत्रा आधीच पातळ झाला आहे असे समजावे. हीच तपासणी पायदानाखालच्या बंद पट्ट्यांना, स्टेपनीच्या खोलगट जागेला, बॅटरीच्या तळाला आणि मागच्या चाकांवरच्या कमानींना लागू होते. बंद पोकळ्यांत आतून मेणयुक्त तेलाचा फवारा मारणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. जाड डांबरी कोट मात्र टाळावा; तो वाळला की तडकतो आणि तड्यातून शिरलेले पाणी धरून ठेवतो.

आगोट आणि नंतरची चाचणी

घराची कौले परतणे, लाकूडफाटा आत घेणे ही आगोटीची कामे जशी मृगाआधी उरकतात, तशीच गाडीचीही उरकावीत. इंजिनातले जुने ऑइल जळक्या इंधनामुळे आम्लधर्मी झालेले असते, म्हणून ते पावसाळ्याआधी बदलावे, नंतर नव्हे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि हँडलने इंजिन दोन-चार फेरे फिरवावे. बॅटरीचे जोड सोडून तिला घरात कोरड्या जागी ठेवावे. गाडी घोड्यांवर, म्हणजे खालून आधार देणाऱ्या स्टँडवर, चढवली तर टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतो आणि ऑक्टोबरात चाक जागचे हलत नाही. त्याऐवजी चाकांना लाकडी उटी लावाव्यात. क्लचचे पेडल दाबून एका काठीने तसेच अडकवून ठेवले तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून बसत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर क्लीनरला बारीक जाळी लावली की उंदरांचा मार्ग बंद होतो. जुन्या वायरींवरचे सुती वेष्टण आणि सीटमधला काथ्या यांची उंदरांना विशेष ओढ असते.

एक समजूत येथे दूर करणे आवश्यक आहे. अनेक जण पावसाळाभर आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी ‘चालू करून ठेवतात’ आणि त्यामुळे ती चांगली राहते असे मानतात. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर त्याची वाफ बाहेर जाते, पण पाच मिनिटांत ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच साचते आणि तिथे गंज धरतो. गाडी चालू करायची तर वीस-तीस मिनिटे रस्त्यावर चालवून पूर्ण तापवावी, नाहीतर तिला निवांत राहू द्यावे.

दसऱ्याच्या सुमारास गाडी बाहेर काढताना सर्वांत आधी ब्रेक पाहावेत. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, तर पाणी शोषल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटातल्या लांब उतारावर ड्रम तापले, पाणी धरलेले ऑइल उकळले आणि वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जाते. कोरड्या हवेत दोन वर्षे चालणारे ब्रेक ऑइल कोकणात दरवर्षी पावसाळा संपताच बदलावे, आणि त्याच वेळी व्हील सिलिंडरचे रबर पाहून घ्यावे. दसऱ्याच्या पूजेत झेंडूचा ओला हार बॉनेटवर रात्रभर राहू देऊ नये, आणि हळद-कुंकू पत्र्यावर लावण्याऐवजी एका लहान कापडी पट्टीवर लावले तर रंगही राहतो आणि पूजाही.

पेट्रोलबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आजचे पेट्रोल या गाड्यांसाठी बनवलेले नाही. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचे संयुग व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये गादीसारखे काम करीत असे. ते गेल्यावर मऊ बैठका झिजू लागतात. वर्षातून काही वेळा सावकाश चालणाऱ्या गाडीने यासाठी इंजिन उघडण्याची घाई करू नये, पण कधी हेड उतरवायची वेळ आलीच तर कडक बैठका बसवून घ्याव्यात. याहून तातडीचा प्रश्न इथेनॉलचा आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, जुन्या प्रतीच्या रबराला फुगवते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, जिथून इंधनाची नळी सुरू होते. पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली कॉर्क किंवा रबराची वॉशरे आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बसवाव्यात. बाहेरून त्या जुन्यासारख्याच दिसतात आणि कोणताही समंजस परीक्षक त्यासाठी गुण कापत नाही. आंबा घाटातून कोल्हापूरकडे चढताना उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा पंपावर ओले फडके ठेवून थांबण्याचा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उपाय आजही लागू पडतो.

गिअरबॉक्समध्ये काय ओतायचे, याची चौकशीही आधी करावी. ‘जीएल-५’ प्रतीच्या काही ऑइलमधले गंधकयुक्त घटक पितळी रिंगांना बाधू शकतात, म्हणून जुन्या गिअरबॉक्सला ‘जीएल-४’ सुरक्षित. इंजिनसाठी २०-डब्ल्यू-५० सारखे घट्ट ऑइल, आणि त्यात जस्ताचे संयुग पुरेसे असलेले, निवडावे. जुन्या बनावटीच्या टॅपेटना त्याची गरज असते.

बदलावे की राहू द्यावे

‘फिव्हा’ने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जपणूक, संवर्धन, दुरुस्ती आणि पुनरुज्जीवन या गोष्टी निरनिराळ्या मानल्या आहेत. क्लबमधल्या माणसाला त्याचा व्यवहारातला अर्थ असा: जे आहे ते टिकवता येत असेल तर टिकवावे, टिकत नसेल तर दुरुस्त करावे, आणि बदलणे अगदी शेवटी. जे केले ते पुढच्या पिढीला उलटवता येईल असे करावे आणि त्याची नोंद ठेवावी. फाटलेले मूळ रेक्झिन काढून टाकण्यापूर्वी त्याचा हातभर तुकडा, शिलाईच्या अंतरासह, पाकिटात जपून ठेवणारा मालक परीक्षकाचे आणि कुशनवाल्याचे, दोघांचेही काम सोपे करतो.

रंगाच्या बाबतीत हा निर्णय सर्वांत कठीण असतो. जुन्या गाड्यांवर सेल्युलोजचा रंग असे, ज्याला आपल्याकडचे रंगारी अजूनही ‘ड्युको’ म्हणतात. त्याची चमक मऊ असते आणि तिला खोलपणा यावा म्हणून तो हाताने घासावा लागतो. आजचा टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायचा, रंग आणि त्यावरचा पारदर्शक कोट मिठाला कितीतरी चांगले तोंड देतो, पण काचेसारखा झळकतो आणि त्या काळच्या गाडीवर उपरा वाटतो. किनाऱ्यावर राहून सेल्युलोजचा हट्ट धरावा असे मी म्हणणार नाही. टू-के रंग वापरून शेवटी तो बारीक घासून मंद केला, तर नजर आणि पत्रा दोन्ही राखले जातात. मूळ रंग मात्र ७० टक्के शिल्लक असेल तर संपूर्ण गाडी रंगवू नये, कारण तो रंग एकदा गेला की कोणत्याही पैशाने परत येत नाही.

नटबोल्टही इतिहासाचाच भाग असतात. कुर्ल्यात जुळवल्या गेलेल्या फियाट मिलिमीटरच्या पान्यांनी उघडतात, आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली अँबॅसडर सुताच्या पान्यांनी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मिस्त्रीने घाईत चार सुताच्या नटावर तेरा मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे गोल होतात, मग तो नट बाजारात मिळेल त्या नटाने बदलला जातो आणि अशा रीतीने गाडीची ओळख एकेका नटाने निघून जाते. पितळ, तांबे आणि पोलाद यांचे जोड खाऱ्या हवेत एकमेकांना खातात, म्हणून जोडताना प्रत्येक मळसूत्राला ग्रीसचा हात द्यावा.

पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीचा विषय वेगळा आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा शेकडो वाहनांत चिखल शिरला. अशा गाडीला सेल्फ मारणे हा सर्वांत मोठा धोका, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडावी, प्लग काढून पाणी बाहेर काढावे, सर्व ऑइल टाकून द्यावे आणि चिखल वाळण्याआधी गोड्या पाण्याने प्रत्येक पोकळी धुवावी. वाळलेला गाळ वर्षानुवर्षे ओलावा धरून ठेवतो.

गुण कसे दिले जातात

स्पर्धांत परीक्षणाच्या दोन परंपरा आहेत. एक सौंदर्याची: १९५० पासून कॅलिफोर्नियात पेबल बीचला भरणाऱ्या मेळाव्यासारख्या ठिकाणी गाडीची रेषा, दुर्मीळता आणि मांडणी यांना वजन असते. दुसरी बरहुकूमतेची, म्हणजे मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळण्याची: अमेरिकेतील १९३५ मध्ये स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब गाडीला ४०० गुणांपासून सुरुवात करून देतो आणि दोष आढळेल तसे गुण कापतो. त्यांची कसोटी अशी की, ही गाडी त्या काळी विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या हाती दिली असती तशी आहे का? त्या वेळच्या कारखान्याच्या यादीत असलेले कोणतेही जादा साहित्य चालते. यादीत नसलेले, कितीही सुंदर असले तरी, चालत नाही. लहान क्लबांसाठी ही दुसरी पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, कारण ती श्रीमंतीला नव्हे, अभ्यासाला गुण देते.

दोष दोन प्रकारचे असतात आणि नवा परीक्षक त्यांची नेहमी गल्लत करतो. पहिला दोष स्थितीचा: क्रोमला पडलेले ठिपके, झिजलेला पेडलचा रबर, सैल दार. दुसरा दोष खरेपणाचा: त्या गाडीवर जे नव्हतेच ते असणे. १९२८-२९ च्या फोर्ड मॉडेल ए वर चमकदार भाग निकेलचे असत आणि १९३० पासून ते स्टेनलेस पोलादाचे झाले. त्यामुळे १९२८ च्या गाडीचे रेडिएटर निळसर झाक असलेल्या क्रोमने झळाळत असेल तर स्थिती उत्तम असूनही खरेपणात गुण जातात. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते आणि दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. फोर्ड मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे, म्हणून १९१९ ची तांबडी मॉडेल टी पाहून लोक टाळ्या वाजवतात तेव्हा परीक्षकाची पेन्सिल चालते. फुलीच्या तोंडाचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून मोटारींत आले, त्याआधीच्या गाडीवर ते दिसले तर ते नंतरचे.

आपल्याकडच्या गाड्यांना हीच नजर लावावी. ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाणारी पन्नाशीच्या दशकातली ११००, १९६४ मध्ये आलेली ११०० डिलाइट आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या एकाच घराण्यातल्या आहेत आणि एकमेकींचे भाग सहज उसने घेतात. पद्मिनीला हौसेने बकेट सीट आणि खाली पायाजवळचा गिअरचा दांडा बसवून घेण्याची पद्धत होती. स्टीअरिंगच्या दांडीवरचा मूळ गिअर असलेली गाडी म्हणूनच मोलाची. अँबॅसडरचा एक मार्क, म्हणजे एक आवृत्ती, दुसऱ्या मार्कची पुढची जाळी लावून फिरताना वारंवार दिसतो.

यात मला खरोखर विचार करायला लावणारा प्रकार म्हणजे इंजिन बदललेल्या गाड्यांचा. कोकणात प्रवासी वाहतूक करणाऱ्या कितीतरी जीप आणि अँबॅसडर गाड्यांत पेट्रोल इंजिन काढून मॅटडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. ते परवडत होते, आणि त्या इंजिनावर घाटरस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाहून नेली. बरहुकूमतेच्या वर्गात अशा गाडीचे गुण कापावेच लागतात, त्यात दयामाया असू नये, आणि ‘व्हीए’ नोंदणीच्या कसोटीवरही ती अडचणीत येते. पण क्लबने ‘वापरातील इतिहास’ असा वेगळा वर्ग ठेवला, मालकाने बदल केव्हा आणि का झाला याचे कागद दाखवले, तर ती गाडी त्या प्रदेशाच्या इतिहासाचा खरा पुरावा ठरते. मी त्या वर्गाच्या बाजूने आहे, आणि जपलेल्या पण कधीच पुन्हा न घडवलेल्या गाड्यांसाठीही स्वतंत्र वर्ग असावा या मताचा आहे. पन्नास वर्षे खाऱ्या हवेत राहून मूळ रंगाचा निम्मा भाग टिकवलेली गाडी आणि काल रंगवून आलेली गाडी एकाच रांगेत उभी केली, तर पहिलीवर अन्यायच होतो.

मैदानावर परीक्षणाची रीत ठरलेली असावी. तीन-चार परीक्षकांचा गट, प्रत्येकाकडे एक भाग: बाहेरची बाजू, आतली बाजू, इंजिन, खालचा सांगाडा. ज्या वर्गात आपली स्वतःची गाडी आहे तिथे परीक्षकाने गुण देऊ नयेत. बेल्टचे बक्कल, अंगठी आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवाव्यात, गाडीला टेकू नये, आणि बॉनेट किंवा दार मालकालाच उघडायला सांगावे. आधी दहा पावले दूरून गाडीची ठेवण पाहावी, दारांच्या आणि बॉनेटच्या फटी सारख्या आहेत का ते पाहावे, मगच जवळ जावे. पत्र्यावर मऊ कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक धरला की पुट्टी जाड कुठे आहे ते कळते. तो केवळ मालकाच्या परवानगीने वापरावा. दिवे, हॉर्न, वायपर आणि सेल्फ चालले पाहिजेत, कारण न चालणारी गाडी अर्धीच जपलेली असते. टायर तिरक्या दोऱ्यांचे (क्रॉस-प्लाय) की रेडियल, हे पाहावे. मूळच्या अँबॅसडरला ५.९०-१५ मापाचे तिरक्या दोऱ्यांचे टायर असत. सुरक्षेसाठी लावलेल्या पट्ट्यांना आणि आग विझवण्याच्या नळकांड्याला मात्र गुण कापू नयेत. अमेरिकेतील त्या क्लबमध्ये तर अग्निशामक बाळगणे बंधनकारकच आहे.

हेडलाइटच्या काचेच्या खालच्या कडेशी बारीक तांबूस गाळाची रेघ दिसली, किंवा सीटच्या स्प्रिंगांवर वरपासून खालपर्यंत एकसारखा गंज असला, तर ती गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. हा स्वतःहून गुण कापण्याचा मुद्दा नाही. पण मालकाला शांतपणे विचारावे, ‘काका, पुरात गेली होती का?’ बहुतेक मालक खरे सांगतात, आणि पुरानंतर त्यांनी जे केले ते ऐकण्यासारखे असते. चासी आणि इंजिनचे क्रमांक कागदांशी जुळवून पाहावेत. गंजाने झाकलेला क्रमांक वाचण्यासाठी मऊ ब्रश आणि थोडे रॉकेल वापरावे. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर त्याला कधीही लावू नये, कारण पुसट झालेला क्रमांक नोंदणीच्या वेळी कायमची अडचण उभी करतो.

मालकाने आपल्या बाजूने एक फाइल तयार ठेवावी: जुना नोंदणीचा कागद, कारखान्याचे माहितीपत्रक, लग्नसमारंभातले किंवा जत्रेतले गाडीचे जुने फोटो, कोणते काम केव्हा झाले त्याची बिले. खरेपणाबद्दल वाद झाला तर पुरावा देण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि योग्य पुरावा दिसला तर कापलेला गुण परत देण्याचे औदार्य परीक्षकाकडे असले पाहिजे. गुणपत्रिकेची प्रत मालकाला मिळालीच पाहिजे, प्रत्येक कापलेल्या गुणापुढे कारण लिहून. कारण न लिहिता दिलेल्या ८७ गुणांतून मालकाला काहीच शिकता येत नाही, पण ‘उजव्या मागच्या दाराच्या खालची भोके बुजलेली’ या एका ओळीवर तो पुढच्या मे महिन्यात काम करू शकतो.

परीक्षक होण्याची इच्छा असलेल्याने पहिल्या दोन-तीन मेळाव्यांत गुण देऊ नयेत. अनुभवी गटाबरोबर विजेरी, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा लहान आरसा आणि वही घेऊन फिरावे, स्वतःचे गुण वेगळे लिहावेत आणि संध्याकाळी गटाच्या गुणांशी पडताळून पाहावेत. फरक बहुधा इंजिनात नव्हे, सांगाड्याच्या खालच्या बाजूला पडतो, कारण तिथे वाकून पाहण्याची सवय नव्या माणसाला नसते. सुरुवात एकाच घराण्याच्या गाड्यांपासून करावी. फियाट ११०० च्या सर्व आवृत्त्या ज्याला नीट कळतात, त्याला दोन वर्षांत अँबॅसडर आणि स्टँडर्ड हेराल्डही कळू लागतात.